साळवे सिस्टर आणि न पडलेले पेशंट

आमच्या हॉस्पिटलात पेशंट पडत नसत. हे मी नाही, भिंत सांगायची. रिसेप्शनच्या मागे एक मोठा पांढरा बोर्ड होता. 'आज इतके दिवस झाले, आमच्याकडे एकही ज्येष्ठ रुग्ण पडलेला नाही' असं त्यावर लिहिलेलं असे आणि त्यातला आकडा रोज सकाळी पुसून एकाने वाढवायचं काम माझ्याकडे होतं. अंबरनाथच्या त्या तीस खाटांच्या, फक्त म्हाताऱ्या माणसांसाठी काढलेल्या हॉस्पिटलात मी क्वालिटी ऑफिसर होतो. त्याआधी एका रंगाच्या कारखान्यात डब्यांची क्वालिटी बघायचो. डबा गळत नसला की पास. माणसांचंही साधारण तसंच असणार, अशी माझी समजूत होती. मला नोकरी देणाऱ्यांचीही तीच होती.

साळवे सिस्टरांनी ती पहिल्याच आठवड्यात मोडीत काढली.

इंदू साळवे. पन्नाशी ओलांडलेल्या, उंचीला बेताच्या, अंगाने भक्कम. चष्मा काळ्या दोरीने गळ्यात अडकवलेला. सरकारी हॉस्पिटलात अर्धं आयुष्य काढून मग आमच्याकडे आलेल्या. राहायला बदलापूरला. घरी कोण आहे, नवरा काय करतो, हे मी कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर त्यांनी 'तुमच्या कुठल्या फॉर्ममध्ये भरायचंय?' असं विचारलं असतं. वॉर्डात शिरल्यावर त्या आधी पेशंटच्या तोंडाकडे बघत नसत. आधी जमीन बघायच्या, मग खाटेखाली, मग पेशंटच्या चपला. त्यानंतर बेलचं बटण पेशंटच्या हाताला लागतंय का ते. बहुतेक वेळा ते उशीमागे भिंतीला व्यवस्थित गुंडाळून ठेवलेलं असे, म्हणजे कोणी उगाच वाजवू नये. सिस्टर ते सोडवून पेशंटच्या बाहीला बँडेजच्या पट्टीने बांधून टाकायच्या आणि एवढं झाल्यावर म्हणायच्या, "हां, आता बोला आजोबा, कसं वाटतंय?"

त्यांचा आवडता शब्द 'वा!' हा होता. कौतुक करताना तो त्यांनी वापरल्याचं मला आठवत नाही.

मी आल्याआल्या वॉर्डात पोस्टरं लावली होती. मराठी, हिंदी, इंग्रजी, तीन भाषांत, लॅमिनेट केलेली. 'सावधान! मदतीशिवाय उठू नका. फरशी निसरडी असू शकते.' सिस्टर समोर उभ्या राहिल्या, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिन्ही भाषा वाचल्या.

"वा! रंग छान आहेत. झोपा."

"काय?"

"सहा नंबर रिकामा आहे. बूट काढा आणि झोपा."

मी झोपलो. त्यांच्यासमोर भलेभले झोपत.

"पोस्टर दिसतंय?"

"नाही."

"मग काय दिसतंय?"

"पंखा."

"मग पंख्यावर लिहा, पडू नका. गरगर फिरेल, सगळ्यांना दिसेल."

एवढ्यावर सुटलो असं वाटलं, तर त्यांनी माझा चष्मा काढून घेतला, काचांवर व्हॅसलिनचं बोट फिरवलं आणि परत दिला. "हा मोतीबिंदू." सलाईनचा स्टँड हातात दिला. "ही सलाईन. आता बाथरूमला जाऊन या. आणि घाई लागलीय असं समजा. त्यांना लागलेली असते." मी निघालो. बाथरूमच्या दाराशी दगडाचा दोन बोटं उंच उंबरा होता, तो रोज बघत असूनही मला दिसला नाही. मी पुढे गेलो, स्टँड मागे राहिला, आणि आधाराला पकडलेली टॉवेलची दांडी स्क्रूसकट माझ्या हातात आली.

"वा!" सिस्टर म्हणाल्या. "लिहून ठेवा. क्वालिटी ऑफिसर, वय चौतीस, पडता पडता वाचले. चौऱ्याऐंशीच्या बाईंचं काय होत असेल?"

त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. 'क्वालिटी' म्हणायच्या. "क्वालिटी, इकडे या."

उंबरा काढायची गोष्ट आमच्या प्रशासकांकडे गेली. ते प्रधान साहेब. मोठ्या हॉटेलातून आमच्याकडे आले होते, त्यामुळे पेशंटला 'गेस्ट' म्हणत आणि चादरीच्या घडीबद्दल फार हळवे होते. ते म्हणाले, "सिस्टर, उंबरा पाणी बाहेर येऊ नये म्हणून आहे."

"बरोबर आहे सर," सिस्टर म्हणाल्या. "पाणीही बाहेर येत नाही आणि पेशंटही."

उंबरा आठ महिने तिथेच राहिला. नंतर एकदा बाहेरच्या पाहुण्यांना आमची स्वच्छता दाखवताना प्रधान साहेब स्वतः त्याला अडखळले, आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. संस्थेत सुधारणा अशाच होतात. योग्य माणसाचा पाय योग्य जागी लागावा लागतो.

मधल्या आठ महिन्यांत जे पेशंट पडले, ते सिस्टर रजिस्टरमध्ये लिहीत. दुसरं कोणी लिहीत नसे. लिहिलं की बोर्डावरचा आकडा शून्यावर यायचा, मग मीटिंग, मग सगळ्यांसमोर कानउघाडणी. त्यापेक्षा पेशंटला उचलून खाटेवर ठेवणं सोपं होतं. एकदा प्रधान साहेबांनी सिस्टरांना केबिनमध्ये बोलावून अत्यंत गोड आवाजात सांगितलं, "पडला हा शब्द फार निगेटिव्ह आहे. पेशंट सावकाश जमिनीवर बसला, असं लिहीत चला ना."

सिस्टर आज्ञाधारक होत्या. पुढच्याच आठवड्यातली नोंद मी स्वतः वाचली: 'बेड नंबर चार, सकाळी नऊ. पेशंट बाथरूमच्या दाराशी सावकाश जमिनीवर बसले. बसताना कपाळाला तीन टाके पडले.'

प्रधान साहेबांनी शब्दांचा विषय पुन्हा काढला नाही.

सिस्टरांचा चेष्टेखोरपणा वरच्या साहेबांसाठी राखीव होता, पेशंटच्या वाट्याला तो येत नसे, असं म्हणायला बरं वाटेल. पण ते खरं नाही. पेशंटनाही त्या टोमणे मारायच्या. फक्त पेशंटना ते आवडायचे. बेल न वाजवता खाटेवरून उतरू पाहणाऱ्या एका रिटायर्ड हेडमास्तरांना त्या म्हणाल्या होत्या, "गुरुजी, तुमच्या वर्गात पोरं हात वर न करता उठली की तुम्ही काय करायचात?" गुरुजींनी निमूटपणे बेल वाजवली. त्या समोरच उभ्या होत्या, तरी वाजवली.

एक सिंधी पेशंट होते, जेठानंद काका, उल्हासनगर कॅम्प तीनचे. सगळा जन्म कापडाच्या दुकानात गेला, आता स्मरण गेलेलं. रोज सकाळी दहाच्या ठोक्याला ते खाटेवरून उठायचे, कठड्यावरून पाय टाकायचे आणि दाराकडे निघायचे. पायात जोर नाही, डोक्यात घाई. दोनदा पडता पडता वाचले. मुलगा चिंतेने अर्धा झालेला. तो म्हणाला, "सिस्टर, हात बांध दो ना. गिर जाएंगे तो? मी लिहून देतो, माझी परमिशन आहे."

आमच्याकडे बांधायचे. मऊ पट्टा असायचा, त्याला 'सेफ्टी बेल्ट' म्हणत. बांधलेला माणूस पडत नाही, त्यामुळे बोर्डही खूश.

सिस्टर म्हणाल्या, "दहा वाजताच का उठतात?"

"काय माहीत. पागलपन है."

"दुकान किती वाजता उघडायचे?"

मुलाने वडिलांकडे बघितलं. मग म्हणाला, "दस बजे."

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला सिस्टरांनी धोब्याकडून आलेल्या चादरींचा गठ्ठा काकांच्या टेबलावर आणून ठेवला. खुर्ची भिंतीला टेकवली, ब्रेक लावलेलं टेबल समोर घेतलं, काकांना बसवलं. "काकाजी, माल आया है. देख लो." काकांनी चादर चिमटीत धरली, बोटांत चोळली, उजेडाला लावून पाहिली.

"माल हलका है," ते म्हणाले. "किसने भेजा?"

"हमारे साहेबने."

"वापस करो."

पण मग त्यांनी सगळ्या चादरी एकेक करून घडी केल्या, अशा की प्रधान साहेबांनी हॉटेलातसुद्धा पाहिल्या नसतील. दोन तास लागले. त्यानंतर रोज दहाला माल यायचा. पट्टा कपाटात गेला. मुलगा एकदा बाहेरच्या काचेतून ते बघत उभा होता. मी जवळून गेलो तेव्हा त्याने तोंड फिरवलं.

आता जे झालं ते सांगायला हवं. बाकी सगळं त्यापुढे किरकोळ आहे.

आमच्या हॉस्पिटलाला दर्जाचं सर्टिफिकेट हवं होतं आणि तपासणी आठ दिवसांवर आली होती. भिंतींना रंग लागत होता. वॉर्डात त्या सकाळी सतरा पेशंट आणि दोन सिस्टर. तिसरीला प्रधान साहेबांनी फायलींना कव्हर घालायला खाली बसवलं होतं. त्या सतरांत दोन सुशीलाबाई होत्या. नऊ नंबरच्या सुशीलाबाई भोईर, बारवी धरणाकडच्या एका पाड्यातल्या, न्यूमोनियातून बऱ्या झालेल्या, दुपारी घरी जाणार. अकरा नंबरच्या सुशीलाबाई दुसऱ्या, त्यांना मधुमेह.

गोळी देण्याआधी पेशंटला नाव विचारायचं, आणि आपण नाव घेऊन 'हो ना?' असं विचारायचं नाही. हा नियम सिस्टरांनीच वॉर्डात सगळ्यांना घोटून शिकवला होता. कारण ऐकू न येणारी म्हातारी माणसं कशालाही हो म्हणतात, आपल्याला त्रास नको म्हणून. त्या सकाळी कोणाची तरी सलाईन संपली होती, कोणी उलटी केली होती, रंगारी शिडी घेऊन मध्ये उभा होता. सिस्टर नऊ नंबरपाशी गेल्या, हातात अकरा नंबरच्या गोळ्यांची वाटी. म्हणाल्या, "सुशीलाबाई ना?"

भोईर आजी म्हणाल्या, "हो गो बाय." आणि साखर कमी करणारी गोळी गिळली.

सकाळी अकराच्या सुमाराला भोईर आजींना दरदरून घाम फुटला. बोलणं तुटक झालं. सिस्टरांनी बोटाला सुई टोचून साखर बघितली. अगदी खाली गेलेली. शिरेतून ग्लुकोज दिलं, दहा मिनिटांत आजींनी डोळे उघडले आणि चहा मागितला. तरुण डॉक्टर आले, हसले. "सकाळचा नाश्ता नीट झाला नसेल. या वयात होतं असं. डिस्चार्ज तयार आहे ना? जाऊ द्या." आजींचा मुलगा प्रकाश खाली टेम्पो लावून वर येऊन थांबला होता. कागद तयार होते, आणि मी सहीसाठी ते घेऊन काउंटरवर उभा होतो.

सिस्टर औषधांच्या ट्रेकडे बघत होत्या. खूप वेळ बघत होत्या. मग त्यांनी अकरा नंबरच्या बाईंना जाऊन विचारलं, "सकाळची गोळी घेतलीत?" त्या म्हणाल्या, "तुम्ही दिलीच नाहीत की."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्यावर 'वा' नव्हता. कोणालाही काहीही कळायचं कारण नव्हतं. डॉक्टरांनी निदान केलं होतं, आजी चहा पीत होत्या, टेम्पो उभा होता.

सिस्टर काउंटरवर आल्या आणि माझ्या हातातले कागद काढून घेतले.

"आजी घरी जाणार नाहीत."

"का?" डॉक्टर म्हणाले.

"मी त्यांना अकरा नंबरची गोळी दिली. शुगरची. आत्ता ग्लुकोजवर वर आल्यात, पण गोळी अंगात आहे. तीन-चार तासांनी परत खाली ओढेल. उद्यापर्यंत दर तासाला साखर बघायला लागेल."

डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "सिस्टर, हळू बोला. नातेवाईक इथेच आहेत."

"म्हणूनच बोलतेय," सिस्टर म्हणाल्या, आणि वळून प्रकाश भोईरांना म्हणाल्या, "दादा, माझ्या हातून चूक झाली. तुमच्या आईला दुसरीची गोळी दिली मी. आत्ता बऱ्या आहेत. पण आज नेऊ नका."

प्रकाश भोईर कारखान्यात कामाला, धिप्पाड माणूस. त्याला समजायला जरा वेळ लागला. मग त्याने काउंटरवर एवढ्या जोरात हात आपटला की पेनं खाली पडली. "माझ्या आयला काय झाला असता तर? तुम्ही नर्स का कोन? वाचता येतं का?" तो बराच वेळ ओरडला. सगळा वॉर्ड ऐकत होता. सिस्टर तशाच उभ्या राहिल्या. एकदाही 'पण' म्हणाल्या नाहीत. सतरा पेशंट, दोन सिस्टर, शिडी, फायलींची कव्हरं, यातलं काहीही त्यांनी तोंडातून काढलं नाही. मला ते सगळं माहीत होतं. मीही काढलं नाही.

दुपारी तीनला आजींची साखर पुन्हा उतरली. संध्याकाळी सहाला पुन्हा. सिस्टरांची ड्युटी दोनला संपली होती, तरी त्या नऊ नंबरच्या शेजारी स्टुलावर बसून होत्या. दर तासाला बोट टोचायचं, लिहायचं. सहाला जेव्हा साखर खाली गेली तेव्हा आजी झोपल्यासारख्या दिसत होत्या, अगदी शांत. घरी असत्या तर घरच्यांनीही म्हटलं असतं, दमलीय, झोपू दे. हे प्रकाशच्याही लक्षात आलं असावं. तो खाटेच्या पायाशी उभा होता. ओरडणं कधीच थांबलं होतं.

दुसऱ्या दिवशी आजी ठणठणीत घरी गेल्या. आणि रजिस्टरमध्ये सिस्टरांच्या ठसठशीत अक्षरात एक पूर्ण पान आलं. काय झालं, किती वाजता, नाव कसं विचारलं आणि कसं विचारायला हवं होतं. एका नावाचे दोन पेशंट जवळ ठेवू नयेत. गोळ्या वाटणाऱ्या सिस्टरला मध्येच दुसऱ्या कामाला बोलावू नये. शेवटी, 'चूक माझी. इंदू साळवे.'

प्रधान साहेबांनी ते पान वाचलं आणि मला केबिनमध्ये बोलावलं. पान फाडायचं नव्हतं, फाडलेलं दिसतं. म्हणून पूर्ण रजिस्टर नव्याने लिहायचं ठरलं. तीन रंगांची पेनं, वेगवेगळी अक्षरं, कुठे चहाचा डाग. वर्षभरातल्या चोवीस पडझडींच्या चार करायच्या, आणि गोळीचं पान अर्थात नाही. मी नाही म्हणालो, असं लिहायला मला आवडलं असतं. मी चहाचा डागसुद्धा छान पाडला.

मी लिहीत असताना सिस्टर आल्या. प्रधान साहेबांनी त्यांना एका कागदावर सही करायला बोलावलं होतं: 'असा कोणताही प्रकार घडलेला नाही.' सही न करता त्या बाहेर आल्या होत्या. माझ्या टेबलाशी थांबल्या, वाकून बघितलं.

"अक्षर सुंदर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "शाळेत बक्षीस मिळालं असेल."

मिळालं होतं. पण ते त्यांना सांगण्यासारखी वेळ नव्हती.

त्यांना काढलं नाही. आमच्याकडे कोणालाच काढत नसत. 'तपासणी होईपर्यंत विश्रांती घ्या' असं सांगितलं, आणि पुढच्या महिन्याच्या ड्युटीच्या तक्त्यात त्यांचं नाव आलं नाही.

तपासणीला ज्या बाई आल्या त्या एकेकाळी स्वतः मेट्रन होत्या. माझं सुंदर रजिस्टर त्यांनी पाच मिनिटं चाळलं. "तीस म्हातारी माणसं, वर्षात चार वेळा पडली. एकतर हे खोटं आहे किंवा तुम्ही त्यांना बांधून ठेवता. दोन्हीपैकी काय लिहू?" प्रधान साहेब घामाघूम. बाईंनी माझ्याकडे बघितलं. "जुनं कुठंय?"

जुनं माझ्या खणात होतं. मी ते काढून दिलं. धैर्याने वगैरे नाही. त्यांनी विचारलं आणि माझा हात खणाकडे गेला, इतकंच. ते त्यांनी तासभर वाचलं. गोळीचं पान दोनदा. मग विचारलं, "या सिस्टर आज ड्युटीवर आहेत?"

"रजेवर आहेत," प्रधान साहेब म्हणाले.

सर्टिफिकेट मिळालं. खोट्या रजिस्टरबद्दल कडक ताशेरे आले, ते फायलीत गेले. चुका प्रामाणिकपणे नोंदवण्याच्या पद्धतीबद्दल कौतुकाचं एक वाक्य आलं, ते प्रधान साहेबांनी सोनेरी चौकटीत घालून रिसेप्शनला लावलं. त्याच्याखाली उभे राहून त्यांनी फोटोही काढला. पद्धत त्यांचीच होती ना.

महिन्याभराने प्रकाश भोईर आईला तपासायला घेऊन आला. रिसेप्शनवर उभा राहून म्हणाला, "ती सिस्टर कुठंय? साळवे."

रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "त्या आता नाहीत. दुसऱ्या सिस्टर आहेत ना, छान आहेत."

"छान नको. जिनी चूक केली तीच पाहिजे. ती सांगते तरी."

तो आईला घेऊन परत गेला. मीही त्या वर्षाअखेर ती नोकरी सोडली, आणि त्यामागे काही फार उदात्त कारण होतं असं समजू नये. मला पुन्हा डबे बघायची नोकरी मिळाली. डबे गळतात तेव्हा निदान लपवत नाहीत.

सिस्टर मला शेवटच्या दिसल्या त्या गेल्या नोव्हेंबरात, बदलापूरला एका बँकेच्या दाराशी. पेन्शनवाल्यांची हयातीच्या दाखल्याची रांग होती. आपण जिवंत आहोत हे सांगायला चाळीसएक माणसं उन्हात उभी होती, आणि बहुतेकांचा पुरावा क्षणाक्षणाला कच्चा होत होता. सिस्टर रांगेच्या तोंडाशी वॉचमनशी बोलत होत्या. साडी नेसलेल्या, केस बरेच पांढरे झालेले.

"आत किती खुर्च्या आहेत?"

"मॅडम, त्या कस्टमरसाठी आहेत."

"वा! आणि हे कोण आहेत? वरातीला आलेत?"

वॉचमन बाजूला झाला. मी रांगेच्या बाजूने आत गेलो, एक खुर्ची उचलली आणि बाहेर आणली. सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. ओळखलं हे डोळ्यांत दिसलं.

"एकच?" त्या म्हणाल्या. "बाकीचे काय तुमच्या मांडीवर बसणार?"

मी परत आत गेलो. माझं बघून आणखी दोघे आले. दोन खुर्च्या घेऊन बाहेर येताना पाहिलं, तर एक आजी पहिल्या खुर्चीवर बसायला निघाल्या होत्या आणि सिस्टरांनी त्यांना हाताने थोपवून धरलं होतं. दुसऱ्या हाताने खुर्चीची पाठ धरून त्या ती जोरजोरात हलवून बघत होत्या. मागचा एक पाय लुळा होता. त्यांनी ती खुर्ची उचलून माझ्या हातात परत दिली, माझ्याकडची एक घेतली, तीही हलवून बघितली, मग आजींचा दंड धरून त्यांना हळूच बसवलं आणि रांगेतल्या पुढच्या माणसाकडे वळल्या.